सिंगपेरुमाळ कोइलचा गंधार

तांबरमहून चेंगलपट्टूकडे जाणाऱ्या लोकलमध्ये मी गेली अकरा वर्षं बसते आहे. पोत्तेरीला कॉलेजची पोरं उतरली की डबा निम्मा मोकळा होतो, मरैमलै नगरला कारखान्यांतली माणसं उतरतात, मग येतं सिंगपेरुमाळ कोइल आणि त्याच्या पुढचं परनूर माझं. सिंगपेरुमाळ कोइलला गाडी जेमतेम अर्धा मिनिट थांबते. मुद्दाम बघावं असं तिथे काही नाही. पण मी मिरजेची, त्यामुळे मान वळतेच. २७ ऑक्टोबर १९३७ रोजी किराणा घराण्याचे गवई अब्दुल करीम खाँसाहेब या स्टेशनावर गेले. मद्रासचं गाणं आटोपून ते पाँडिचेरीला निघाले होते. गाडीत त्रास व्हायला लागला म्हणून उतरले, फलाटावर बिछाना टाकला, तानपुरा लावून घेतला, दरबारीच्या सुरांत प्रार्थना म्हटली आणि आडवे झाले ते झालेच, असं आमच्याकडे सांगतात. दफन मिरजेला, ख्वाजा शमना मीरांच्या दर्ग्यात. आमच्या घरापासून दर्गा चालत दहा मिनिटांवर.

तो फलाट खिडकीतून मागे सरकत असताना मी पहिल्यांदा 'स्लोडाइव्ह' नावाचा इंग्रजी बँड ऐकला आणि मला खाँसाहेब आठवले. हे असं एकदम सांगितलं की लोक वेड्यात काढतात. तेव्हा आधी माझा धंदा सांगते.

मी गाड्यांचा आवाज मोजते. आमच्या खात्याला एनव्हीएच म्हणतात, म्हणजे गोंगाट, थरथर आणि खरखर. डॅशबोर्ड कुरकुरतो का, ऐंशीच्या वेगाला स्टिअरिंगला कंप सुटतो का, एसी लावल्यावर कुठली नळी गुणगुणते, हे शोधायचं आणि बंद करायचं. त्यासाठी आमच्याकडे एक खोली आहे. भिंतींना आणि छताला फोमचे हातभर लांबीचे सुळके लावलेले. तिथे टाळी वाजवली तर ती वाजल्यासारखी वाटतच नाही, हातातच मरते. नवीन माणूस दोन मिनिटांत कान चोळायला लागतो. आपला रोजचा प्रत्येक आवाज भिंतींवरून, जमिनीवरून परतून आपल्याकडे येत असतो आणि त्या परतीच्या आवाजावर आपण किती टेकून असतो, हे त्या खोलीत कळतं. त्याला इंग्रजीत रिव्हर्ब म्हणतात. देवळाच्या गाभाऱ्यात ओंकार म्हटला की जे होतं, तेच.

आमच्या लॅबमध्ये एक ट्रेनी मुलगा आला, मदुरैचा. मला 'अक्का' म्हणतो. जेवणाच्या सुट्टीतही त्याच्या कानात हेडफोन. एकदा मी विचारलं, काय ऐकतोस एवढं? तो जरा लाजत म्हणाला, "अक्का, तुम्हाला नाही आवडणार. तुम्ही दिवसभर जे बंद करता, तेच आहे हे." आणि त्याने मला स्लोडाइव्हचा 'सूव्लाकी' हा अल्बम पाठवला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीत मी तो लावला.

पहिल्या मिनिटात मला काहीच वेगळं करता येईना. गिटार आहेत हे कळत होतं, पण किती ते कळेना. एक बाई गाते आहे, एक पुरुष गातो आहे, पण ते गिटारच्या पुढे उभे नाहीत, आत कुठेतरी आहेत. शब्द ओले झालेल्या कागदावरच्या शाईसारखे पसरलेले. आणि या सगळ्याच्या वर एक बारीक सूर तरंगत होता, जो कुणीच वाजवत नसावं असं वाटत होतं. असा सूर मला लहानपणापासून माहीत होता. त्याचं नावही माहीत होतं.

पण आधी ही मंडळी कोण, ते सांगते. लंडनच्या पश्चिमेला रेडिंग नावाचं शहर आहे. तिथले नील हाल्स्टेड आणि रेचल गॉसवेल हे लहानपणापासूनचे दोस्त. दोघे गातात, दोघे गिटार वाजवतात. १९८९ मध्ये त्यांनी बँड काढला. बासवर निक चॅप्लिन. 'स्लोडाइव्ह' हे नाव त्याला स्वप्नात सुचलं म्हणतात. तिसरी गिटार वाजवायला एखादी मुलगी हवी अशी जाहिरात दिली. उत्तर आलं एकट्या क्रिश्चन सॅव्हिलचं: हवं तर मी फ्रॉक घालून येतो. घेतलं त्याला. ड्रमवर पुढे सायमन स्कॉट आला. ॲलन मॅगीच्या 'क्रिएशन' या कंपनीने करार केला, आणि १९९१ मध्ये पहिला अल्बम 'जस्ट फॉर अ डे' निघाला तेव्हा नील आणि रेचल विशीच्या उंबरठ्यावर होते.

त्या वेळी इंग्लंडात असे चार-सहा बँड एकदम उगवले होते. राइड, लश, चॅप्टरहाउस. या सगळ्यांच्या डोक्यावर 'माय ब्लडी व्हॅलेंटाइन', ज्यांचा 'लव्हलेस' हा अल्बम १९९१ च्या नोव्हेंबरात आला. तो करायला दोनेक वर्षं आणि इतका पैसा लागला की क्रिएशनचं दिवाळं निघायची वेळ आली, अशी आख्यायिका आहे. या सगळ्यांच्या मागे स्कॉटलंडचे 'कॉक्टो ट्विन्स', ज्यांची गायिका एलिझाबेथ फ्रेझर अर्ध्या वेळा कुठल्याच भाषेत गात नव्हती, नुसते नाद म्हणत होती. त्या स्वप्नाळू, धूसर गाण्याला ड्रीमपॉप हे नाव पडलं. त्याच धुक्यात गिटारचा गडगडाट मिसळला की शूगेझ. दोहोंमधली सीमा कुणी मला नकाशावर दाखवली तर मी त्याला फिल्टर कॉफी पाजेन.

शूगेझ म्हणजे बुटांकडे बघत बसणं. हे नाव थट्टेतून आलं. ही पोरं रंगमंचावर उड्या मारत नाहीत, प्रेक्षकांकडे बघत नाहीत, खाली मान घालून वाजवतात, म्हणून इंग्रजी वार्ताहरांनी ठेवलेलं. खाली मान घालायला कारण होतं. पायाशी पेडल असतात. गिटारमधून निघालेला आवाज ॲम्प्लिफायरपर्यंत जाण्याआधी या छोट्या डब्यांतून जातो. एक डबा आवाज फाडतो, एक त्याचे पडसाद काढतो, एक त्याला गाभाऱ्यात नेऊन ठेवतो, एक थोडा थरथरवतो. कोणता कधी दाबायचा हे पायाने ठरतं. पेटीवाल्याचं लक्ष भात्याकडे असतं म्हणून त्याला कुणी 'भाताबघ्या' म्हणत नाही. स्लोडाइव्हकडे त्यासाठी यामाहाचा एफएक्स ५०० नावाचा एक यंत्रडबा होता आणि त्यात आधीच भरून ठेवलेला 'सॉफ्ट फोकस' नावाचा एक आवाज होता. या संगीताचे वेडे अजून तो जुना डबा शोधत फिरतात.

आता त्या सुराकडे.

मिरजेत आमच्या गल्लीपासून दोन वळणांवर तंतुवाद्यांची दुकानं. पंढरपूरकडचे भोपळे तिथे वळचणीला टांगलेले असायचे. मी शाळेतून येताना एका दुकानाच्या पायरीवर बसायचे, कारण तिथले कारागीर चाचा जवारी लावायचे. तानपुऱ्याची घोडी सपाट दिसते, पण तिला अगदी किंचित बाक असतो. तार त्या बाकावरून घासत जाते. चाचा तारेखाली सुती दोरा सारायचे, इतकासा पुढे, इतकासा मागे. दोरा चुकीच्या जागी असेल तर तार ठण्ण करून गप्प होते. जागा सापडली की तीच तार एकदम उघडते आणि तिच्यातून दुसरेच सूर निघायला लागतात. चाचा म्हणायचे, "आता ऐक, गंधार आला बघ." मी म्हणायचे, "पण तुम्ही गंधाराची तार लावलीच नाही!" तारा चारच होत्या, पंचम, दोन जोडीचे षड्ज आणि खर्ज. चाचा हसायचे. त्याला स्वयंभू गंधार म्हणतात.

कॉलेजात गेल्यावर त्याचं गणित कळलं. तार एका सेकंदाला १०० वेळा हलत असेल तर तिच्यात २००, ३००, ४००, ५०० हेही हलके हलके दडलेले असतात. १००, २००, ४०० हे सगळे षड्जच, वरवरच्या सप्तकांतले. ३०० हा पंचम. आणि ५०० म्हणजे गंधार. घोडीचा बाक आणि दोरा मिळून या दडलेल्यांना बाहेर काढतात. यावर पहिला चांगला शास्त्रीय निबंध लिहिला तो सी. व्ही. रामन यांनी, १९२१ मध्ये. वीणा आणि तानपुऱ्याच्या घोडीमुळे तार पाश्चात्त्य पुस्तकांतल्या नियमाला जुमानत नाही, हे त्यांनी दाखवलं. रामन शिकले ते इथल्याच प्रेसिडेन्सी कॉलेजात, समुद्रासमोर. मी पहिल्यांदा मरीनावर गेले तेव्हा लाटांकडे पाठ करून आधी ती लाल इमारत बघितली होती.

एका शनिवारी साहेबांची परवानगी काढून मी माझा तानपुरा आमच्या त्या बिनआवाजी खोलीत नेला. ट्रेनीने गिटार आणि दोन पेडल आणली. आधी मी दोरा काढून खर्ज छेडला. पडद्यावर चार-पाच शेंडे उठले आणि भराभर खाली बसले. मग दोरा सारला, जागा शोधली आणि पुन्हा छेडला. पडद्यावर जंगल. वरच्या टोकापर्यंत शेंडेच शेंडे, आणि ते मरायच्या ऐवजी आळीपाळीने वर येत होते, एक मावळतो तोवर दुसरा उगवतो. "आता माझं," म्हणत ट्रेनीने गिटारवर फक्त दोन सूर धरले, सा आणि प. साधे वाजवले तर दोन सुरांचे शेंडे. आवाज फाडणारं पेडल दाबलं, आणि तेच जंगल. मी पडद्याला नाक लावलं. पाचव्या जागेवर शेंडा होता. गंधार.

ते कसं, तर फाटताना आवाजाचे माथे छाटले जातात आणि छाटल्या आवाजात दोन सुरांची बेरीज-वजाबाकी आपोआप व्हायला लागते. २०० आणि ३०० वाजवलेत तर ५०० निघतो, १०० निघतो. वर गंधार, खाली खर्ज. कुणी न वाजवलेले. 'माय ब्लडी व्हॅलेंटाइन'चा केव्हिन शील्ड्स यावर आणखी एक करामत करतो. गिटारच्या घोडीला जोडलेला दांडा हातात धरूनच तो तारा छेडतो, त्यामुळे अख्खा सूर सतत थोडा वर-खाली झुलत राहतो. स्लोडाइव्ह फाडण्यापेक्षा पडसादांवर जास्त भिस्त ठेवतात. तीन गिटार, प्रत्येकीचे शेकडो पडसाद, ते एकमेकांत मिसळून जी साय धरते, तिच्यावर ते बारीक सूर तरंगतात. सकाळच्या गाडीत मला ऐकू आला तो हाच.

ट्रेनी मात्र माझ्या गंधारावर फारसा खूश नव्हता. म्हणाला, "अक्का, ठीक आहे, पण मला रडू येतं ते पाचव्या शेंड्यामुळे नाही." बरोबर आहे त्याचं.

रडू यायला कारणं आहेत. 'सूव्लाकी' १९९३ चा. नील आणि रेचल यांचं प्रेम होतं, ते त्या काळात संपलं. नील वेल्समधल्या एका झोपडीवजा घरात एकटा जाऊन राहिला आणि तिथून गाणी घेऊन आला. ती गाणी मग दोघांनी मिळून गायली, एकाच खोलीत. ब्रायन ईनोला त्यांनी निर्माता व्हायची गळ घातली होती. तो निर्माता झाला नाही, पण थोडे दिवस येऊन दोन गाण्यांवर काम करून गेला. आज या अल्बमला लोक डोक्यावर घेतात. तेव्हा 'मेलडी मेकर' साप्ताहिकाच्या समीक्षकाने लिहिलं, हे पुन्हा ऐकण्यापेक्षा लापशीने भरलेल्या टबात गुदमरून मरणं बरं. 'मॅनिक स्ट्रीट प्रीचर्स'च्या रिची एडवर्ड्सने तर आपण यांचा हिटलरपेक्षा जास्त द्वेष करतो असं जाहीर केलं होतं. वीस-बावीस वर्षांच्या पोरांना, ज्यांचा गुन्हा काय तर हळू वाजवणं!

राग कशाचा होता ते मला इथे मद्रासमध्ये बसून थोडं कळतं. मार्गळी या तमिळ महिन्यात मी मैलापूरला कर्नाटक संगीताच्या सभांना जाते. शेजारची मामी कृतीचा शब्दन् शब्द ओठांत म्हणत असते आणि गायकाने एक अक्षर गिळलं तर माझ्याकडे वळून बघते. इथे गाणं म्हणजे साहित्य, अर्थ, उच्चार. इंग्रजी वर्तमानपत्रांनाही गाण्यात म्हणणं हवं होतं, चेहरा हवा होता, एखादं वाक्य हवं होतं जे मथळ्यात घालता येईल. स्लोडाइव्हकडे यांतलं काहीच नव्हतं. किराणा घराण्यावरही हा आक्षेप जुनाच आहे, की शब्द कळत नाहीत. खाँसाहेबांच्या जुन्या तबकड्या ऐका. आवाज बारीक, टोकदार, तानपुऱ्यात असा मिसळलेला की कुठे गळा संपतो आणि कुठे तार सुरू होते ते सांगता येत नाही. शब्द सुराला टेकायला म्हणून असतात. त्यांच्या झिंझोटीतल्या ठुमरीची तबकडी ऐकून भीमसेन जोशी लहानपणी घरातून पळाले, ते काही शब्दांच्या अर्थामागे धावले नसतील. गंमत म्हणजे याच खाँसाहेबांनी इकडच्या त्यागराजांची कृती ध्वनिमुद्रित केली. मामीला ती ऐकवली. म्हणाली, "तेलुगू कच्चं आहे." मग थोड्या वेळाने म्हणाली, "पुन्हा लाव."

स्लोडाइव्हचा शेवट झटपट झाला. अमेरिकेतल्या दौऱ्यात तिथल्या कंपनीने हात काढून घेतला, पोरांनी पदरचे पैसे घालून दौरा पुरा केला. सायमन सोडून गेला. इकडे क्रिएशनला 'ओॲसिस' नावाचं घबाड सापडलं होतं, ज्यांचं गाणं मोठ्याने, छाती काढून आणि शब्द कळतील असं होतं. १९९५ च्या फेब्रुवारीत स्लोडाइव्हचा तिसरा अल्बम 'पिग्मेलियन' आला. त्यात जवळजवळ काहीच घडत नाही. ड्रम बऱ्याच जागी नाहीत, गिटारचा एकेक थेंब पडतो आणि पुढचा कधी पडेल याची वाट बघायची. अल्बम आल्यावर थोड्याच दिवसांत कंपनीने त्यांना नारळ दिला. नील आणि रेचल यांनी 'मोहावी थ्री' हा साधा, लोकगीतांच्या वळणाचा बँड काढला आणि कित्येक वर्षं तो चालवला. सायमनचं मला विशेष वाटतं. तो ध्वनिमुद्रणाकडे वळला. इंग्लंडच्या फेन भागातल्या दलदलीत पाण्याखाली माइक सोडून त्याने जे टिपलं त्याचा २०१२ मध्ये अल्बम केला. आमच्या खात्यात त्याला केव्हाही नोकरी मिळेल.

तो सगळा काळ 'सूव्लाकी' हातोहात फिरत होता. आधी कॅसेटवरून, मग सीडीवरून, मग फायलींतून. २०१४ मध्ये बार्सिलोनाच्या प्रिमाव्हेरा महोत्सवात ते पाचही जण पुन्हा उभे राहिले तेव्हा समोर हजारो लोक होते, त्यांत पुष्कळ असे की ज्यांचा 'सूव्लाकी'च्या वेळी जन्मही झाला नव्हता. २०१७ मध्ये बावीस वर्षांनी नवा अल्बम आला, त्याला नाव फक्त 'स्लोडाइव्ह'. २०२३ मध्ये 'एव्हरीथिंग इज अलाइव्ह'. हा त्यांनी रेचलच्या आईला आणि सायमनच्या वडिलांना वाहिला आहे. दोघेही २०२० मध्ये गेले. तो ब्रिटनच्या यादीत पहिल्या दहांत गेला, जिथे हा बँड विशीत कधी पोचला नव्हता.

मद्रासमध्ये हे संगीत कोण वाजवतं, असं मी ट्रेनीला विचारलं. त्याने आधी 'द एफ१६एस' ऐकवला. २०१२ पासूनचा इथलाच बँड. 'ट्रिगरपुंक्टे' हा त्यांचा २०१६ चा अल्बम, मग २०१९ आणि २०२१ मध्ये आणखी दोन छोटे संच. छान वाजवतात, पण त्यांच्या गाण्यावर पाय हलतो, शब्द कळतात आणि विनोदही कळतो. त्यांना शूगेझ म्हणणं म्हणजे नाट्यसंगीताला धृपद म्हणणं. मग ट्रेनीने मान खाजवत कबूल केलं की शूगेझ वाजवणारे तो आणि त्याचे तीन दोस्त, आणि ऐकणारे तेच चार.

वेळच्चेरीत एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर त्यांची भाड्याची तालमीची खोली आहे, तासावर पैसे. मी एकदा गेले. बाहेर मे महिना, आत भिंतींना अंड्यांचे खोके चिकटवलेले. चौघांच्या पायाशी पेडलांच्या ओळी, वायरींचा गुंता, आणि प्रत्येकाची मान खरोखरच खाली. वाजवायला लागायच्या आधीच ॲम्प्लिफायर घूं करत होता. "हा आमचा आवाजच आहे," ड्रमवाला म्हणाला. मी म्हटलं, हा तुमचा आवाज नाही, वीज मंडळाचा आहे. पन्नासचा गुणक, अर्थिंग नीट नाही. प्लग बदलला, घूं गेला. पोरांचे चेहरे पडले. त्यांनी सगळं गाणं त्या घूंच्या सुरावर बसवलं होतं. शेवटी मी पिशवीतून तानपुऱ्याचा इलेक्ट्रॉनिक डबा काढला आणि त्याच सुराला लावून दिला. चौघांनी एकमेकांकडे बघितलं, मग खाली बुटांकडे, आणि सुरू झाले.

मागच्या दिवाळीत आई मिरजेहून आली होती. दुपारी मी 'पिग्मेलियन' लावला, हेडफोन नको म्हणाली म्हणून स्पीकरवरच. पहिलंच गाणं दहा मिनिटांचं आहे. दोन-तीन मिनिटं ती ऐकत राहिली, शेंगा सोलत. मग म्हणाली, "लावून झालं की गातील का?" मी म्हटलं, हेच गाणं आहे. ती काही बोलली नाही. शेंगा सोलायच्या थांबल्या, डोळे मिटले. सहा मिनिटं झाली, आठ झाली. झोपली असावी असं वाटून मी आवाज कमी करायला उठले, तर डोळे न उघडता म्हणाली, "राहू दे. दोरा जरा पुढं सरकवायला हवा होता."